टपाल जुळे सोलापूरमार्गे

माझ्या साडूने मला फसवलं. एकदा नाही, वर्षानुवर्षं, आणि तेही माझ्याच गादीवर बसून माझाच चहा पीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याचं जे वर्णन करणार आहे ते वाचून कुणाचा यावर विश्वास बसणार नाही. सोलापुरातला सगळ्यात सरळ माणूस आणि सोलापुरातला सगळ्यात बेरकी व्यापारी यांच्यात हा व्यवहार झाला आणि गंडला तो बेरकी. म्हणजे मी.

मी कोण, तेही थोडक्यात सांगतो. सायकलच्या कॅरिअरला टॉवेलांचं गाठोडं बांधून मोहोळच्या बाजारात उभा राहणारा पोरगा ते आखातातल्या हॉटेलांना टॉवेल धाडणारा व्यापारी, हा रस्ता मी कुणाच्या बापाच्या आधाराने चाललेलो नाही. चाललो ते एकाच जोरावर. मला कुणी फसवू शकत नाही. सूत चिमटीत धरलं की त्यातली भेसळ कळते. गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळतं, हे देणार की बुडवणार. ‘अण्णाला गंडवणारा अजून जन्माला यायचाय,’ असं आमच्या बाजारात बोललं जायचं आणि मी ते कानाआड केल्यासारखं दाखवून पोटभर ऐकायचो. दुकान जळालं तर पुन्हा उभं करीन, पण हे नाव एकदा गेलं की गेलं. त्या नावावर माझा धंदा चालतो, आणि खरं सांगायचं तर मीही.

तर साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पृथ्वीच्या पाठीवर इतका संशयी आणि इतका भोळा माणूस एकाच कातड्यात दुसरा सापडणार नाही. बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात होता, चांगली खुर्ची होती, ती मुदतीआधी सोडली आणि जुळे सोलापूर या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये बसून जगभरातलं विष गोळा करू लागला. कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेची चिंता वाहणारी माणसं म्हणे देशोदेशी विखुरलेली असतात आणि एकमेकांना सामायिक मेल लिहितात. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचतं. याला मेलिंग लिस्ट म्हणतात. कुठे नवा विषाणू सापडला, कुठल्या प्रोग्रामला भोक पडलं, याची तिथे चर्चा चालते. चर्चा आली की नमुना आला, आणि मग कुणीतरी उत्साही प्राणी तो विषाणूच जिवंत मेलला जोडून पाठवतो. असल्या एका लिस्टीच्या दारावर माझा साडू बसलेला असतो. जोडून आलेली प्रत्येक फाईल आधी त्याच्या हाताखालून जाते. आत सोडायची, काढून टाकायची, की ‘नीट बांधून पुन्हा पाठवा’ म्हणून परत करायची, हे तो ठरवतो. या कामाचा मोबदला काय मिळतो, असं मी विचारलं तेव्हा तो विचारात पडला. त्याला हा प्रश्न आधी सुचलाच नव्हता.

माझ्या बायकोला त्याने हे फार सोपं करून सांगितलं होतं. “ताई, असं समजा की विंचवांचा अभ्यास करणारी माणसं एकमेकांना पोस्टाने विंचू पाठवतात. मी आपला पोस्टमन. डब्याचं झाकण घट्ट आहे ना, एवढंच बघायचं.”

“आणि घट्ट नसलं तर?” बायकोने विचारलं.

“मग पहिल्यांदा मला चावतो,” साडू म्हणाला. ‘मग पहिला प्रसाद मला मिळतो’ हे ज्या चेहऱ्याने म्हणतात, त्या चेहऱ्याने.

विंचू चावून घ्यायची सोय त्याने घराच्या मागच्या गॅलरीत, कपडे धुवायच्या मशीनशेजारी केली होती. तिथे एक जुनाट कॉम्प्युटर होता. त्याला नेटची वायर नाही, वाय-फाय नाही, घरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राशी त्याचा रोटी-बेटी व्यवहार नाही. संशयित फाईल न्यायला एक वेगळा पेन ड्राइव्ह, लाल दोरा बांधलेला, तो दुसरीकडे कुठे लावायचा नाही. या वाळीत टाकलेल्या कॉम्प्युटरवर साडू ती फाईल उघडायचा आणि ती काय काय नासधूस करते ते गालावर हात ठेवून कौतुकाने बघायचा. सगळं नासून झालं की कॉम्प्युटर पुसून कोरा करायचा आणि पुढच्या विंचवाला बोलवायचा. माझी मेहुणी म्हणायची, “दाजी, सवत असती तर झिंज्या धरून भांडले तरी असते. ह्या डबड्याशी काय भांडू? ते रोज मरतंय आणि रोज उठतंय.”

विष पाठवायचे त्या लोकांचे नियम आहेत, ते साडू मला पाठ म्हणून दाखवायचा. फाईल उघडी पाठवायची नाही, कुलूपबंद पुडक्यात घालायची. चुकून बोट लागलं तर चालू होऊ नये म्हणून तिच्या नावाचं शेपूट बदलायचं. आत काय आहे, उघडल्यावर काय होईल, ते मेलमध्ये स्वच्छ लिहायचं. इथपर्यंत मला पटलं. पण कुलपाची किल्ली काय, तर एक ठरलेला शब्द, जो त्या धंद्यातल्या झाडून सगळ्यांना माहीत असतो, आणि वर तो मेलमध्येही लिहायचा!

“अरे, मग कुलूप कशाला लावता?” मी ओरडलो. “किल्ली दारालाच टांगायची तर दार उघडं ठेवा की!”

“अण्णा, हे कुलूप चोरासाठी नाही,” साडू म्हणाला. “शहाण्या माणसाचा चुकून हात पडू नये, म्हणून आहे. कुलूप दिसलं की माणूस क्षणभर थांबतो. तेवढा क्षण पुरतो.”

आणखी एक नियम होता आणि तो साडूला सगळ्यात प्यारा. कुणाच्या मेलमधली फाईल काढून टाकली, तर त्या जागी चिठ्ठी ठेवायची. इथे काय होतं, का काढलं, कुणी काढलं. “न सांगता काढणं म्हणजे चोरी, अण्णा.” फाईल परत पाठवतानाही त्याची अदब सुटायची नाही. कुणा लांबच्या देशातल्या माणसाने एकदा अख्ख्या लिस्टीला उद्ध्वस्त करील असं जनावर उघडंच पाठवलं. मी असतो तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. साडूने लिहिलं ते मला भाषांतर करून ऐकवलं: ‘आपला विषाणू मिळाला. फार सुंदर आहे. कृपया कुलूप लावून पुन्हा पाठवावा. घरी सर्व क्षेम असेल अशी आशा आहे.’

हे सगळं कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण साडू आयुष्यच या नियमांनी जगायचा. दिवाळीत आमच्या घरून फराळाचा डबा गेला की दारातच तो विचारायचा, “कुणाकडून? येणार हे आधी कळवलं होतं का? आत काय?” आणणाऱ्याला तीनही उत्तरं देता आली तर डबा आत जायचा. मेहुणीच्या हातची शेंगाचटणी तो आम्हाला आणून द्यायचा ती दोन पिशव्यांत गुंडाळून, दोरी बांधून, वर कागद चिकटवून: ‘आत: शेंगाचटणी. तिखटपणा: गंभीर. उघडल्यास: उचकी, घाम, डोळ्यांना पाणी. उपाय: दही.’ माझ्या गोदामातल्या एका हमालाने तो कागद न वाचता चटणी भाकरीवर घेतली आणि नंतर माठाशेजारी बसून अक्षरन् अक्षर वाचलं. म्हणाला, “साहेबांनी लिवलंय ते समदं झालं बगा.”

लग्नपत्रिका फोनवर येऊ लागल्या आणि साडूचं समाजातलं उठणंबसणं जवळजवळ संपलं. पत्रिकेच्या नावाखाली फोन लुटणारी फाईल पाठवायची टूम निघाली होती, हे खरं. पण साडू सख्ख्या शेजाऱ्याच्या मुलीची पत्रिकाही उघडायला तयार होईना. भिंतीपलीकडे राहणाऱ्या त्या शेजाऱ्याला त्याने फोन लावला. “आपल्या नंबरवरून मला एक फाईल आली आहे. ती आपणच पाठवली का?”

“व्हय की! पत्रिका हाय, पोरीची.”

“हे आपणच बोलताय कशावरून?”

शेजाऱ्याने भिंतीवर दोन ठोसे मारून दाखवले. तरी साडूने ती फाईल वाळीतल्या कॉम्प्युटरवर नेली, उघडली, दोन दिवस देखरेखीखाली ठेवली. ती निर्धोक असल्याचं सिद्ध झालं तोवर मुलगी सासरी पोचली होती. साडू कोरा चेहरा घेऊन आहेराचं पाकीट द्यायला गेला आणि पाकिटावर त्याने लिहिलं होतं: ‘आत: फक्त नोटा.’

मला सगळ्यात जिव्हारी लागलं ते डाळिंबाचं. सांगोल्याच्या रस्त्याला एका शेतकऱ्याशी मी भाव करत होतो. भाव करणं ही कला आहे. मी दोनदा गाडीत बसून आलो होतो, एकदा तर गाडी सुरू करून पन्नास पावलं पुढे नेली होती, आणि माणूस निम्म्यावर येऊन ठेपला होता. तेवढ्यात साडू खाली उतरला आणि त्याला म्हणाला, “मामा, या फळांत दोष काय आहे?”

शेतकरी गडबडला. असं त्याला जन्मात कुणी विचारलं नसणार. मग म्हणाला, “आता खरं सांगू का सायेब, वरनं लालभडक दिसत्यात, पण फळकूज येऊन गेलीय बागंवर. एकांदं आतनं काळं निघतंय.”

“शाब्बास!” साडू म्हणाला. “आत काय आहे ते बाहेर सांगितलंत.” आणि पहिल्या बोलीला, पूर्ण भावाने, तीन पेट्या घेतल्या. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. त्याने मात्र वाटेत दोनदा सांगितलं, की माणूस फार चांगला होता.

आता माझ्याकडे येतो. माझी मेल साडूनेच सुरू करून दिली. परदेशी गिऱ्हाइकं चौकशी मेलवर करतात, नमुने, ऑर्डरी, सगळं जोडून येतं, आणि त्यातूनच दगाही येतो. आमच्या बाजारात एकाचा हिशेबाचा सगळा कॉम्प्युटर कुलूपबंद झाला आणि खंडणी मागणारी पाटी पडद्यावर आली. दुसऱ्याच्या मेलमध्ये कुणी तरी महिनाभर मुक्काम ठोकून होतं. माझ्या दुकानात मात्र काही म्हणता काही झालं नाही. का? कारण मला वास येतो. ‘ऑर्डरची यादी सोबत जोडली आहे, तातडीने उघडा,’ असं कुणी बिनओळखीचा लिहितो? मी बघताक्षणी ओळखायचो, मेल पुसून टाकायचो आणि साडूला फोन लावायचो, “साडू! पकडला एक!”

“वा, अण्णा, वा!” तिकडून यायचं. “कसा ओळखलात?” मग मी सविस्तर सांगायचो आणि तो सविस्तर ऐकायचा. महिन्याकाठी एखादा तरी सापडायचाच. बाजारातले लोक आपापले फोन घेऊन माझ्या गादीवर यायला लागले. “अण्णा, हे जरा बघा की, खरं हाय का खोटं?” मी चष्मा न लावता निकाल द्यायचो.

शेवटी व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात मला या विषयावर बोलायलाच बोलावलं. जेवणानंतरची वेळ, हॉल भरलेला, मागे मोठा पडदा. साडूला मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवला होता. त्याचं ते दारावर बसणं ठीक आहे, पण धंद्यातला माणूस काय असतो, तेही त्याने एकदा बघावं. त्या सकाळीच आलेली एक विषारी मेल मी न पुसता राखून ठेवली होती. ती पडद्यावर लावली आणि तिचा एकेक खोटेपणा सोलून दाखवायला सुरुवात केली. लोक माना डोलवत होते. एक जण डोलवत नव्हता. एक यंत्रमागवाला, घरी तेलुगू बोलणारा आणि माझ्याशी फक्त भांडणापुरतं मराठी बोलणारा.

“अण्णा, नुसतं सांगू नका,” तो बसल्या जागेवरून म्हणाला. “उघडा की. साप कसा असतोय, बघू दे आमाला.”

“उघडला तर कॉम्प्युटर जाईल, शहाण्या.”

“म्हंजे साप हाय का दोरी हाय, तुमालाबी म्हाईत न्हाय!”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं. माझ्या डोक्याला फिरायला फार जागा लागत नाही. “कॉम्प्युटर माझा आहे!” मी म्हणालो. “जळला तर माझा जळेल!” आणि फाईलवर हात नेला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून साडू उभा राहिला. चेहरा पांढराफटक. “अण्णा, नको. अण्णा, माझं ऐका, ही नका उघडू.” मला वाटलं, बघा, विषाला कसा घाबरतो हा. मी उघडली.

पडद्यावर, हाताएवढ्या अक्षरांत, आलं: ‘या जागी असलेली फाईल काढून टाकली आहे. आत: पासवर्ड चोरणारा प्रोग्राम. तपासणी: गॅलरीतल्या कॉम्प्युटरवर. मेलचा वरचा मजकूर तसाच ठेवला आहे, कारण अण्णांना असल्या मेल पकडायला आवडतात.’ खाली साडूचं नाव.

 मग यंत्रमागवाल्याने ते मोठ्याने वाचलं, शेवटची ओळ दोनदा, आणि म्हणाला, “अण्णा, तुमचा साप तर शाकाहारी निघाला की!” त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. छताचे पंखे हलले.

मी साडूला बखोटीला धरून बाहेर, स्कूटरी लावतात तिथे नेलं. “किती दिवस चाललंय हे?”

“तुमची मेल सुरू केली तेव्हापासून,” साडू म्हणाला. तो खोटं बोलत नाही, ही त्याची आणखी एक खोड. “सगळं टपाल आधी माझ्याकडे येतं, मग तुमच्याकडे जातं. जुळे सोलापूरमार्गे.”

“मला न विचारता?”

“विचारलं होतं की. तुम्ही फोनवर कुणाशी तरी भाव करत होता. म्हणालात, ‘कर काय करायचं ते.’ आणि प्रत्येक वेळी चिठ्ठी ठेवली होती, अण्णा. चोरून काही केलं नाही. तुम्ही ती कधी उघडली नाहीत. मला त्याचा फार आनंद व्हायचा. उघडली नाहीत, म्हणजे बरोबर वागलात!”

“आणि तू काढून टाकतोस, तर ती मेल माझ्यापर्यंत पाठवायचीच कशाला? सगळीच पुसून टाकायचीस!”

साडू स्कूटरच्या आरशाकडे बघत राहिला. “सुरुवातीला पुसायचोच, नुसती चिठ्ठी धाडायचो; तीही तुम्ही कधी उघडली नाहीत. मग एकीची फाईल काढली, पण मजकूर चुकून राहिला. ज्या वर्षी तुमच्या भावाने वाटणी मागितली ना, त्या वर्षी. तुम्ही कुणाशी बोलत नव्हतात. ताई रोज आमच्याकडे फोन करून रडायची. ती मेल तुम्ही पकडलीत आणि मला फोन केलात. तुम्ही हसत होता, अण्णा. किती महिन्यांनी. मग पुढच्या वेळी मीच विषाचा दात काढून एक सोडला.”

मी एका स्कूटरच्या सीटवरची धूळ झटकली. मग विचारलं, “म्हणजे मी खरी एकही पकडलेली नाही?”

“एक आहे ना!” साडूचे डोळे चमकले. “ती बँकेची म्हणून तुमच्या फोनवर आलेली. फोन माझ्याकडून जात नाही. ती तुम्ही एकट्याने पकडलीत. मी घरी जाऊन हिला सांगितलं.”

मी तिथल्या तिथे फर्मान काढलं. उद्यापासून माझी एकही मेल तुझ्या घरातून जाणार नाही. साडू “बरं” म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सगळं सरळ करून गेला. पुढे बंगळूरला त्याच्या मुलीला जुळं झालं आणि तो आणि मेहुणी कायमचे तिकडेच राहायला गेले. वाळीतला कॉम्प्युटरसुद्धा बरोबर नेला, वर कागद चिकटवून: ‘आत: काही नाही. कालच पुसला.’

नाव गेलं म्हणाल, तर गेलं नाही, वाढलं. आता बाजारात म्हणतात, अण्णाला गंडवणारा एकच, आणि तो घरचा आहे. यंत्रमागवाला दर आठवड्याला येऊन विचारतो, “असला साडू कुटं मिळतोय हो? आमच्या मेव्हण्यांत एकबी न्हाय.” मेल आता सरळ येते. गेल्या महिन्यात मी एक पकडली, अस्सल, दात असलेली. दुकानातल्या पोरांनी तपासून घेतली, जहाल होती. मी फोन उचलला, आणि पुन्हा ठेवला. ती खरी आहे हे कळल्यावर त्यात काही मजाच उरली नाही.

मी आयुष्यभर व्यवहार केलेत. समोरचा हरतो तेव्हा मी जिंकतो, एवढं मला कळतं. पण कुणी स्वतः हरत नाही, काही मागत नाही, आणि समोरच्याला वर्षानुवर्षं जिंकू देतो, आणि मग एक दिवस सामान बांधून निघून जातो, हा कुठला व्यवहार झाला? कुणी दिला त्याला हा अधिकार? याचा जाब साडूने मला दिला पाहिजे. मेलवर लिहून चालणार नाही, फोनवर तर मुळीच नाही. त्याने इथे यावं, माझ्या गादीवर समोर बसावं, आणि मी चहा सांगतो तोवर द्यावा.